काकांचा कोट

युरोपातली जुनी तलवारबाजी शिकायची म्हणून मी शिरवळजवळच्या दोन दिवसांच्या शिबिरात नाव घातलं, तेव्हा तुम्ही सगळे हसलात. आता तयारीचं ऐका.

मिरजेजवळच्या आमच्या गावात माझ्यासमोर तलवार धरणार कोण? म्हणून मळ्यात एक बुजगावणं उभं केलं आणि त्याला काकांचा फौजेतला जाड कोट घातला. काका गेले तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. काकूनं त्यांचा तेवढा कोट ठेवला होता. पंधरा दिवस रोज सकाळी बोथट तलवारीनं बुजगावण्याच्या डोक्यावर मारायचो. फक्त डोक्यावर, कारण कोटाला काही झालं असतं तर काकूनं घरात घेतलं नसतं. सराव झाला की कोट परत तिच्या खुंटीला.

शिबिरात पहिल्याच लढतीनंतर सर म्हणाले, "तुझा जोडीदार डावरा आहे वाटतं."

"जोडीदारच नाही, सर. एकटाच करतो."

"मग दर वेळी समोरचा डाव्या हातानं मारणार, असं धरून का उभा राहतोस?"

जेवणाच्या सुट्टीत काकूला फोन लावला. "काकू, काका डावरे होते का गं?"

"व्हय की. का रं?"

"काही नाही. तो कोट आता पेटीत ठेवून दे."

"ठेवते," काकू म्हणाली. "तू खेळून आलास की रोज त्याची डावी बगल उसवलेली असायची. मी आपली गुमान टाकं घालत हुते."