पुरानंतरचा इंग्रजीचा तास

संजयचं तुम्हाला कधी सांगितलं न्हाय मी. कागलच्या एमआयडीसीत कामाला होता, आणि संध्याकाळी माझ्यासोबत इंग्रजी बोलायच्या क्लासला यायचा. सर रोज पेपरातला एक विषय द्यायचे. प्रत्येकानं उठून बोलायचं, मराठी बंद.

पूर ओसरल्यावर क्लास परत सुरू झाला, तेव्हा विषय पूरच होता. कुणी बंद रस्त्यांवर बोललं, कुणी दुधाच्या टंचाईवर. मग संजय उठला.

"माय ब्रदर वॉश्ड अवे."

सरांना वाटलं, सरावाचं वाक्य हाय. म्हणाले, "वॉज वॉश्ड अवे. परत म्हण."

त्यानं परत म्हटलं, अगदी बरोबर.

"गुड. नेक्स्ट."

सुटल्यावर जिन्यात मी त्याला गाठलं. "संजय, भाऊ खरंच वाहून गेला काय रे?"

"व्हय. काल सापडला." तो खाली बघतच बोलत होता. "आई हातकणंगल्याला मामाकडं हाय. भाऊ दवाखान्यात हाय म्हणून सांगितलंय तिला. आता जाऊन खरं सांगायचं हाय. मराठीत तोंडातनं निघंना, म्हणून आधी हितं म्हणून बघितलं."