घालून बसा

नाही, मला एक सांगा, सवय म्हणजे काय औषध आहे का हो, की सकाळ-संध्याकाळ घेतलं आणि झालं? ज्याला विचारावं त्याचं एकच... सवय होईल! दातांचा डॉक्टर म्हणतो सवय होईल, शेजारच्या काकू म्हणतात सवय होईल, आणि आमचा दादा तिकडे लांब बसून फोनवरून म्हणतो, "अगं, होईल त्यांना सवय, तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस?" घेतेस! जशी काही मला हौसच आहे!

तुम्हाला सांगते, आमच्या बाबांनी अख्खी नोकरी कोर्टात पट्टेवाला म्हणून काढली. साहेबांच्या दाराशी उभं राहून पुकारा करायचा, अमुक अमुक हाऽऽजिर! की खालच्या मजल्यावरचा वकील चहा टाकून पळत सुटायचा. घरातही तोच आवाज. भाजीत मीठ कमी पडलं तर चार घरांना कळायचं! अशा माणसाचे खालचे पाच दात गेले, आणि डॉक्टरने उरलेल्या दातांना तारेचे आकडे अडकवून बसवली अर्धी कवळी. वर म्हणाला, "आजोबा, दिवसभर घालून बसा. सवय होईल."

घालून बसा! झालं ना! कोर्टातला माणूस, साहेबाचा शब्द म्हणजे हुकूम. बसले की कवळी तोंडात, उठले की खिशात! मला आधी कळेचना. खुर्चीत बघावं तर गाल भरलेले, दारात बघावं तर बोळकं! म्हटलं, बाबा, हे काय चाललंय? तर मलाच उलट, "उभं राहून घालायला सांगितलेलं नाही." अहो बाबा, ती बोलायची पद्धत असते! "मग तसं डॉक्टरला विचारून घे." केला फोन. उचलला तिथल्या बाईंनी. "डॉक्टर कामात आहेत. सवय होईल म्हणावं." तिलासुद्धा पाठ!

बरं, कवळी घालून बोलायला जावं तर टोचायचं. म्हणजे बोलायचं असेल तर आधी उठायचं, कवळी काढायची, बोलायचं, परत बसायचं, परत घालायची! नुसतं "पंखा बंद कर" म्हणायला गुडघ्यांवर हात देऊन उभे! गुडघे आधीच दुखरे. शेवटी कंटाळले आणि बोलणंच सोडलं. जेवायला मात्र बसावंच लागतं, म्हणजे कवळी तोंडात, म्हणजे दोन घास झाले की ताट बाजूला. भात मऊ केला, भाजी ठेचून दिली... छे! शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल पडली हो.

आणि घरात काय? आमचे हे म्हणतात, "हल्ली कसं शांत वाटतं, नाही?" दादा म्हणतो, "बाबा किती छान निवळलेत गं!" निवळलेत? अरे, उपाशी आहे तो माणूस!

मग एक दिवस बेसिनपाशी चूळ भरली, तर पाण्यात रक्त. म्हटलं, आ करा. करेनात. लहान मुलासारखे ओठ घट्ट. शेवटी मी रागावले तेव्हा तोंड उघडलं... आकड्याने हिरडीत खड्डा पाडलेला, लालभडक! बाबा, सांगितलं का नाही? उभेच होते, म्हणून बोलले. "सवय व्हायची वाट बघत होतो."

रडू आलं हो मला. आणि संताप! कुणाकुणाचा म्हणून सांगू?

तसंच नेलं डॉक्टरकडे. त्याने पकडीने आकडा जरासा वाकवला, मशीनने घर्रकन कड घासली. झालं! एवढंच! एवढ्यासाठी माणूस अर्धा झाला! आणि वर मलाच विचारतो, "आधी का नाही आलात?" म्हटलं, सवय होत होती!

जखम भरली. काल दादाचा फोन आला, तो बाबांनी माझ्या हातातून ओढूनच घेतला आणि जेवता जेवता, बसल्या जागेवरून, कवळीसकट... पुकारा! "शहाणपण शिकवतोस फोनवरून? बाप काय खातो, विचारलंस कधी? तोंड कधी दाखवणार आहेस?" शेजारच्या खिडक्या उघडल्या हो! मी ओट्याशी उभी राहून डोळे पुसत ऐकत होते.

मग फोन माझ्याकडे आला. दादाचा आवाज काळजीने एवढासा झालेला.

"अगं, बाबांना झालंय काय? इतके चांगले होते गं! उद्याच्या उद्या डॉक्टरला दाखव!"

म्हटलं, बरं. दाखवते.