डॉक्टरांचं पत्र

अरे, सिंगापूरला निघायच्या आदल्या दिवशी बाबांना धाप लागली. मुलुंडमध्येच अ‍ॅडमिट केलं आणि ट्रिप रद्द केली. ट्रॅव्हल इन्शुरन्सवाली फोनवर म्हणाली, "आजार गंभीर आहे, असं डॉक्टरांचं पत्र लागेल."

बाबा तर मजेत गप्पा मारत होते. मी केबिनमध्ये जाऊन हसतच म्हणालो, "डॉक्टर, क्लेमसाठी जरा गंभीर आहे असं लिहाल का?"

ते हसले नाहीत. उठून त्यांनी दार लोटलं.

"वाढवून लिहायची गरज नाही," ते म्हणाले. "भाऊ बाहेरगावी असतो म्हणालात ना, त्याला आजच बोलावून घ्या."

कसाबसा बाबांपाशी आलो.

त्यांनी विचारलं, "काय रे, दिलं का लिहून?"

"दिलं ना," मी म्हटलं. "बिचाऱ्यांना खोटं लिहावं लागलं."