सगळ्यांना अध्यक्षपद

विषय: पुतणी मुग्धा हिचा नाट्यमंडळाची साधी सदस्य होण्याबाबतचा अर्ज.

मुग्धा नोएडात बीबीए करते. प्रत्येक विद्यार्थ्याला नेतृत्वाची संधी देऊ, असं कॉलेजनं कबूल केलं होतं. त्यानुसार वर्गातला प्रत्येक जण कसल्या ना कसल्या मंडळाचा अध्यक्ष आहे. मुग्धाकडे वादविवाद मंडळ आलं.

"काका, मला नाटकात काम करायचंय. तिथला अध्यक्ष एकटाच बसलाय बिचारा."

"मग जा की त्याच्याकडे."

"मॅडम म्हणतात, अध्यक्षाला दुसरीकडे सदस्य होता येत नाही. आधी राजीनामा दे."

"देऊन टाक."

"तो मंजूर करायला सदस्यांची बैठक लागते. माझ्या मंडळात सदस्यच नाहीत!"

सरकारी नोकरीत जन्म गेला, पण इतकी पक्की व्यवस्था आम्हालाही जमली नाही. अर्ज मीच लिहून दिला. नाट्यमंडळानं आता एकपात्री प्रयोग जाहीर केला आहे. अर्ज विचाराधीन आहे.