दोन्ही टोकांना डिंक

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, कारखान्यातले माझे सोबती आणि समोर दाटीवाटीनं बसलेल्या बंधुभगिनींनो,

उद्या सकाळी आपलं नवं विमान पहिल्यांदा आकाशात जाणार आणि ते मी चालवणार, म्हणून हा निरोपाचा सोहळा. अध्यक्षांनी माझ्या धैर्याचं इतकं कौतुक केलं की मलाच माझी ओळख पटेना. गळ्यात तीन हार, दाराशी बँड. अशा वेळी माणसानं नाही म्हणायचं तरी कोणत्या तोंडानं?

विमानाची रचना माझ्या सख्ख्या भाऊजींची. वारा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्यांनी लाकडी नमुन्याच्या पंखांवर लोकरीचे धागे चिकटवले. लोकर कुठली? माझ्या ताईच्या स्वेटरची! "अहो, निदान बाह्या तरी ठेवा," म्हणत राहिली बिचारी. हसा, हसा, तीही हसते आहे. तर धाग्याचं पुढचं टोक चिकटवायचं, मागचं मोकळं ठेवायचं. फॅनच्या झोतात धागे सरळ मागे राहिले, तर वारा पंखाला धरून आहे. उलटे फिरले, तर वाऱ्यानं पंख सोडला आणि विमान कोसळणार.

मागच्या सोमवारी नमुन्याचं नाक जरा वर करताच धागे उलटे फिरले. भाऊजी म्हणाले, "डिंक कच्चा असेल." मी म्हटलं, "पंख बदलू या." तर म्हणाले, "पत्रिका वाटून झाल्यात रे. आता मी तोंड कुठे दाखवू?" ताईनं दोनदा विचारलं, "सगळं नीट आहे ना?" मी दोन्ही वेळा हो म्हटलं.

तोच नमुना आज या टेबलावर, फॅनसमोर, नाक वर करून ठेवला आहे. धागे किती शिस्तीत आहेत, असं पाहुण्यांनी आत्ताच वाखाणलं. का नसतील? दोन्ही टोकांना डिंक आहे.

भाऊजी, बसा. ताई, तू वर ये. मागची टोकं नखानं सोडव. हळू. हं.

पाहिलंत? उलटे. सगळे उलटे.

मला भीती वाटते, मंडळी. उद्या मी या विमानात बसणार नाही. भाऊजींसारखं डोकं मी दुसरं पाहिलेलं नाही. ते नवा पंख करतील, त्या दिवशी पहिला मीच बसेन.

आपण वेळात वेळ काढून आलात, मनापासून आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. बँडवाल्यांना घरी जाऊ द्या.

ताई, रडू नकोस. फॅन बंद कर.