डाव्या कौलाचा दोष कुणाचा?

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न. माणसानं नीट विचार करून पाऊल टाकलं आणि शेवट वाईट झाला, तर ते पाऊल चुकलं का? माना डोलवू नका लगेच! आधी आख्यान.

कोकणात खाडीकाठच्या एका गावी अण्णा नेरुरकर राहायचे. देवळातल्या भजनाचे पखवाजी. बायको कधीच गेली. लेक एकच, शालन, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारी. अण्णांचं हृदय थकलं. डॉक्टर म्हणाल्या, "ऑपरेशन करा. नाहीतर वर्ष काढणं कठीण."

अण्णा म्हणाले, "कौल लावून देवाला विचारू."

झालं! बाबल गुरवानं ओल्या पाकळ्या देवाच्या दोन्ही खांद्यांना चिकटवल्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पडली — डावी! अण्णा म्हणाले, "परत लाव." परत डावी! अण्णा खुशीत! म्हणाले, "बाबल, लाव आणखी. दोनदा डावी झाली, आता पाळी उजवीची!"

शालन हळूच म्हणाली, "अण्णा, मघाशी काय झालं ते या पाकळीला कुणी सांगितलं?"

हसता काय? पाच मुली झाल्या, आता सहावा मुलगाच, अशी आशा धरून पाळणा टांगून ठेवलेली घरं या गावात नाहीत? सहाव्या बाळाला आधीच्या पाचांचा हिशेब ठाऊक असतो होय!

तर मंडळी, तिसऱ्यांदा उजवी पडली. अण्णांनी हात जोडले. "मिळाला गो कौल! चल, बॅग भर."

आता बघा हां. शालनला हवं होतं तेच झालं होतं. गप्प राहिली असती तर? पण बाप तो! त्याला अर्धवट सांगून न्यायचं? देवळाच्या पायरीवर ती त्यांच्याजवळ बसली.

"अण्णा, विचारतच राहिलं की कधीतरी उजवी पडतेच. त्याच्यावर जाऊ नका. डॉक्टर काय म्हणाल्या ते सांगते. तुमच्यासारख्या शंभर जणांचं ऑपरेशन केलं, तर नव्वद घरी येतात."

"आणि दहा?"

"नाही येत."

"मी कुठल्यांत गो?"

"ते कुणालाच ठाऊक नाही, अण्णा. शंभरांचं सांगता येतं. एकाचं नाही."

अण्णांनी पायरीवर बोटांनी ठेका धरला. मग म्हणाले, "एवढी शिकलीस, आणि बापाचं सांगता येत नाही?"

"नाही येत."

"बरं. माझ्या जागी तू असतीस तर?"

"गेले असते."

"मग चल," अण्णा म्हणाले. "पण दाढी करून येतो. डॉक्टरीणबाई तरुण आहे."

हसा, मंडळी, हसा. तीही हसली. गाडीत बसेपर्यंत हसत होती.

अण्णा परत आले नाहीत.

शेजारच्या खाटेवरचा माणूस — तेच दुखणं, तेच ऑपरेशन — लेकीसोबत आपल्या पायांनी घरी गेला. सांगा आता! त्याची मुलगी शहाणी आणि शालन वेडी? अहो, दोघींनी एकच निवड केली होती! नव्वद मोठे म्हणून दहा काही नाहीसे होत नाहीत. ते दहाही कुणाचे तरी अण्णाच असतात.

दिवसकार्य झालं. शेजारची गंगूकाकी समाचाराला आली. बसायच्या आधीच म्हणाली, "दोनदा डावा कौल होता ना गो बाय? मग नेलंस कशाला?"

शालननं डोळे पुसले नाहीत, की आवाज चढवला नाही. म्हणाली, "काकी, तेव्हा जेवढं कळत होतं तेवढ्यावर ठरवलं. आज पुन्हा अण्णा तसेच पायरीवर बसले, तर मी त्यांना पुन्हा नेईन."

काकीला हसू नका, मंडळी! ती काकी तुमच्यात बसली आहे. माझ्यातही आहे. शेवट कळल्यावर शहाणपण सांगायला काय लागतं? देवाची पाकळी आपण आपल्याला हवी तशी मोजतो, आणि दोष मात्र मागे राहिलेल्या लेकराच्या पदरात टाकतो!

म्हणून सांगतो. उद्या अशा घरी जाल ना, तेव्हा 'असं केलं असतं तर' हे बोलणं चपलांसोबत बाहेर ठेवा. आत जा. तिच्याजवळ बसा. ती गेलेल्या माणसाबद्दल बोलली तर ऐका. नाही बोलली, तर चूल पेटवून चहा टाका. तिनं सकाळपासून घेतला नसेल.

देवाचं नाव, मंडळी, तो चहा तिच्या हातात दिल्यावर घेऊ.