आई गेल्याची गोष्ट

डोळ्यांच्या दवाखान्यात काशम्मा नंबरासाठी बसली होती. गावोगाव कथा सांगून पोट भरणारा तिचा मुलगा सिद्धलिंग गाडी लावायला गेला होता. बाकावरच्या दोघींच्या गप्पा चालल्या होत्या.

“काल शुक्रवार पेठेत सिद्धलिंग सरांची कथा ऐकली. त्यांची आई विहिरीत बुडाली, ते सांगताना काय रडले गं.”

“आमच्या भवानी पेठेत तर तिला साप चावला होता.”

“एक सख्खी, एक सावत्र असेल.”

“असेल की. लई सोसलंय बिचाऱ्यानं.”

तेवढ्यात सिद्धलिंगच आत येऊन काशम्माजवळ थांबला. दोघी उठून उभ्या राहिल्या.

“सर, रडवलंत की आम्हाला. ह्या आजी कोण?”

“ह्या... आमच्या शेजारच्या.”

“व्हय की,” काशम्मा म्हणाली. “दोन्ही आया गेल्या ह्याच्या. तवापासनं मीच करून घालते.”